जाहूचा पाय, तिरीचं डोकं : मुंबई सिटीचे दोन २-१

एका गोलाने सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी दोनच मतं कानावर येतात. एक, ‘नशीब’. दोन, ‘पोरांनी जिगर दाखवली’. दोन्हीतून खेळाबद्दल काहीच कळत नाही. मुंबई सिटी या फुटबॉल क्लबने २-१ असे जिंकलेले दोन सामने नीट उलगडून बघितले तर निसटता विजय कुठून येतो ते दिसतं. दोन्हीकडे मधोमध एकच माणूस आहे, मुंबईचा मिडफिल्डर अहमद जाहू.

पहिला सामना म्हणजे १३ मार्च २०२१ चा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना. गोव्यातलं फातोर्डा, समोर कोलकात्याचा एटीके मोहन बागान, कोविडमुळे स्टँड रिकामे. लीगमध्ये दोघांचेही ४० गुण होते आणि मुंबईने त्यांना दोनदा हरवलं होतं, १-० आणि २-०. त्यामुळे बागानचा प्रशिक्षक हबास याच्या टीमला काय करायचं हे ठाऊक होतं: मागे दाटीने बसायचं आणि मुंबई जिथून खेळ सुरू करते तिथेच टपून राहायचं. प्रशिक्षक लोबेराची मुंबई कीपरपासून छोट्या पासांनी वर यायची आणि जवळपास प्रत्येक पास जाहूच्या पायातून जायचा. १८ व्या मिनिटाला स्वतःच्या बॉक्ससमोर जाहूच्या पायात बॉल रेंगाळला, बागानच्या रॉय कृष्णाने तो हिसकावला, डेव्हिड विल्यम्सने गोल मारला. ०-१.

अशा ठिकाणी बॉल घेताना अंग अर्धवट वळलेलं हवं आणि बॉल पायात यायच्या आधीच खांद्यावरून मागे नजर गेलेली हवी. पायात आल्यावर बघणं म्हणजे उशीर. शिवाय जवळचा डिफेंडर पास घ्यायला मोकळा नसेल तर बॉल सरळ लांब मारावा, त्यात कमीपणा काही नाही. घोडबंदर रोडवरच्या टर्फवर रोज रात्री नेमकं याच्या उलट चालतं: मागे माणूस चिकटलेला असतो आणि पठ्ठ्या टाच मारून फिरायला बघतो.

२९ व्या मिनिटाला त्याच जाहूने मागून लांब बॉल टाकला. मुंबईचा बिपिन सिंग त्यामागे सुटला, बागानचा कीपर अरिंदम भट्टाचार्य पुढे आला आणि त्यांचा डिफेंडर तिरीने डोक्याने बॉल मागे ढकलला, तो थेट स्वतःच्याच गोलात. रेकॉर्डमध्ये हा स्वयंगोल आहे, पण माझ्या मते श्रेय पासचंच. डिफेंडर स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावत असतो, बॉल डोक्यावरून येत असतो, कीपर रेषा सोडून किती पुढे आलाय हे त्याला दिसत नाही. ‘कीपर!’ अशी हाक वेळेवर आली तर डिफेंडर बाजूला होतो. हाक नाही आली, किंवा अर्धा सेकंद उशिरा आली, की दोघं एकाच बॉलवर जातात आणि मागचं ७.३२ मीटरचं गोल उघडं पडतं. लांब बॉल टाकणाऱ्याला हवं असतं ते हेच. कीपर आणि शेवटचा डिफेंडर यांच्या मधल्या पट्ट्यात बॉल पडला की निर्णय त्यांना घ्यावा लागतो, तोही पळता पळता. (हाच तिरी पुढे २०२३ मध्ये मुंबईकडे आला आणि २०२४ चा आयएसएल कपही जिंकला. फुटबॉलमध्ये असं चालतंच.)

मग ९० वं मिनिट. पुन्हा मागून लांब बॉल, पुन्हा अरिंदम पुढे आला. बॉल त्याला साफ करता आला नाही, मुंबईचा स्ट्रायकर ओगबेचेने काढून घेतला, बिपिनने रिकाम्या गोलात ढकलला. त्या मोसमाचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम कीपरचा पुरस्कार, अरिंदमलाच मिळाला होता, तेव्हा कीपर वाईट होता असं कुणी म्हणू नये. नव्वद मिनिटं खेळल्यावर पाय जड होतात, आणि ओगबेचे शेवटपर्यंत त्या बॉलमागे धावला. बाकीचे बहुतेक स्ट्रायकर अशा बॉलवर चार पावलं टाकून थांबतात.

छोट्या पासांसाठी नावाजलेल्या टीमने कप जिंकला तो अशा लांब बॉलवर. लोबेराच्या चाहत्यांना हे फारसं आवडत नाही. पण छोटे पास बघून समोरची टीम जागा सोडून वर चढते, म्हणून तर मागे पट्टा रिकामा होतो.

दुसरा सामना ११ एप्रिल २०२२, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग ही आशियातल्या क्लबांची स्पर्धा, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. मुंबईचा प्रशिक्षक तेव्हा डेस बकिंगहॅम. तीनच दिवसांपूर्वी सौदीच्या अल शबाब क्लबने मुंबईला ३-० ने धुतलं होतं. इथेही आधी गोल समोरच्यांचा, ५९ व्या मिनिटाला. ७० व्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि ७५ व्या मिनिटाला जाहूच्या कॉर्नरवर डिफेंडर राहुल भेकेने हेडरने दुसरा मारला. या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय.

दोन्ही गोल थांबलेल्या बॉलवर, हे लक्षात घ्या. ताकदीने वरचढ टीमविरुद्ध खुल्या खेळात संधी मोजक्याच मिळतात. कॉर्नरला मात्र बॉल स्थिर असतो, समोरच्याला किमान ९.१५ मीटर लांब थांबावं लागतं आणि तुमचे उंच डिफेंडर सावकाश चालत पुढे येऊ शकतात. बचाव करणारा जागेवर उभा राहून उडी मारतो, हल्ला करणारा पाच-सहा पावलं धावत येऊन. तिथेच अर्धी लढाई संपते. कॉर्नर वाया जातो तो बहुतेक वेळा पहिल्याच डिफेंडरला न ओलांडल्यामुळे. टीव्हीवर हे कळतच नाही, कारण कॅमेरा नेमका तेव्हाच प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर असतो. नेरूळच्या डी. वाय. पाटीलमध्ये, जिथे मुंबई सिटी २०१४ आणि २०१५ मध्ये घरचे सामने खेळली, वरच्या स्टँडमधून ही सगळी मांडणी एका नजरेत दिसते.

आघाडी मिळाल्यावर ती राखायची कशी, हे २०२५ च्या नियमबदलाने अवघड करून ठेवलंय. कीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता समोरच्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. आधी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची, पण ती देत कोण होतं? बॉल मिठीत घेऊन गवतावर लोळायचे दिवस त्यामुळे सरले. आता कीपरच्या हातात बॉल आला की दोन्ही बगलेच्या खेळाडूंनी लगेच रुंद पसरायला हवं. ते पसरले नाहीत तर आठ सेकंद संपत आल्यावर कीपर घाईत मधोमध लाथ मारणार, बॉल परत अंगावर येणार, आणि पुढच्या मिनिटात कॉर्नर.