पिवळी पडलेली तार

मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच तिची आई म्हणाली, "डॉक्टर, हिला आधी जेवायला सांगा हो. महिनाभर नुसत्या दहीभातावर आणि दूधपोळीवर आहे."

दुसऱ्या शहरात बसवलेल्या ब्रेसेस, नोकरीमुळे आता कोल्हापुरात, म्हणून पुढचे उपचार माझ्याकडे. लग्न मार्गशीर्षात. सिरॅमिकचे ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले तार धरणारे छोटे ठोकळे, आणि दाताच्या रंगाची तार, तीही जास्तीचे पैसे भरून. "दिसणारच नाही म्हणाले होते," एवढंच ती बोलली, तेही तोंडावर हात धरून.

समोरचे दात पिवळेधमक दिसत होते. एक रबरी रिंग काढून पांढऱ्या गॉजवर ठेवली आणि तिला दाखवली. जवळजवळ सगळा पिवळेपणा त्या रिंगेत होता. ब्रॅकेटमध्ये तार धरून ठेवणारी ही पारदर्शक रिंग हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, शोषून घेते. एका रश्श्यातसुद्धा रंग धरते. म्हणूनच आम्ही ती दर भेटीला बदलतो. सिरॅमिकला स्वतःला डाग पडत नाही, त्यामुळे शेजारची पिवळी रिंग आणखी उठून दिसते.

तारेची गोष्ट वेगळी. आत साधी धातूची तार, वर इपॉक्सी किंवा टेफ्लॉनचा जेमतेम ०.००२ इंच जाडीचा थर. रिंगेखाली झाकलेला भाग अजून पांढरा होता, दोन ब्रॅकेटच्या मधला पिवळट. सुळ्याजवळ थर सोलून करडा धातू उघडा पडलेला. तिने खाण्याचा सोडा लावून ब्रशने खसाखसा घासलं होतं. सोड्याने हळद उलट लालसर होते आणि घासण्याने थराला चरे पडतात, मग त्या चऱ्यांत रंग आणखी बसतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, तोंडात तो उपाय नाही.

मला राग येतो तो माहितीपत्रकांचा. अशा तारांच्या चाचण्या बहुधा कॉफी, चहा, रेड वाइनमध्ये बुडवून होतात. रंगातला फरक यंत्राने मोजतात, ३.७ एककांच्या पुढे गेला की तोंडात तो डोळ्यांना जाणवतो असं धरतात. पण आपल्याकडे रोजच्या आमटीत हळद असते. संमतीपत्रावर चॉकलेट, च्युइंगगम सगळं छापलेलं असतं, हळदीचा उल्लेख नसतो. तार विकताना हे सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते कुणी सांगितलं नाही म्हणून एक धडधाकट मुलगी महिनाभर अर्धपोटी राहिली. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

शिवाय तिच्या दाढांपुढचे दात काढलेले होते, ती जागा बंद करायची होती. त्यासाठी ब्रॅकेट तारेवरून सरकावे लागतात. थर दिलेली तार तिथे अडखळते आणि सोलत जाते. मी साधी ०.०१९ × ०.०२५ इंची स्टीलची तार घातली आणि रिंगांऐवजी बारीक स्टीलच्या तारेने बांधली. आरशात बघून ती म्हणाली, "करडं दिसतंय, पण घाण दिसत नाही." आईला मी सांगितलं, आज रात्री हिला नीट जेवू घाला, तांबडा रस्सासुद्धा.

लग्नाच्या फोटोंपुरती दाताच्या रंगाची नवी तार आणि नव्या रिंगा घालायच्या ठरल्यात. नंतर पुन्हा स्टील. भेट हळदीच्या जेवणानंतरची, लग्नाच्या आदल्या संध्याकाळची घेतली आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत तिने जेवायचं आहे, हे तिच्याकडून कबूल करून घेतलंय.