तिथी आणि तारीख एका दिवशी

2 ऑक्टोबर 2025 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, आमची लेक 19 वर्षांची झाली. तिचा जन्म 2 ऑक्टोबर 2006 चा, आणि तोही दसऱ्याचाच. मधल्या इतक्या वर्षांत तिची तिथी आणि तिची तारीख एकदाही एकमेकींना भेटल्या नव्हत्या. यंदा त्या भेटल्या, म्हणून सासूबाईंनी त्या सकाळी दोन निरांजने लावली, एक तिथीचे आणि एक तारखेचे. पाटावर बसलेल्या लेकीला त्यांनी आधी एकाने आणि मग दुसऱ्याने ओवाळले, तेव्हा मी दारातच उभी राहून पाहत होते. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आम्हाला किती वर्षे लागली, ते आज सविस्तर लिहावेसे वाटते.

नागपुरातल्या आमच्या घरात घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या सहा आठवड्यांत चार वाढदिवस येतात. लेकीचा 2 ऑक्टोबरला, सासूबाईंचा कोजागिरीला, पुतण्याचा 18 ऑक्टोबरला आणि यजमानांचा 27 ऑक्टोबरला. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे सहामाही परीक्षा आणि पेपर तपासणी याच दिवसांत असते. यजमान वीजनिर्मिती केंद्रात पाळीवर जातात आणि सणाच्या दिवशी त्यांची पाळी नेमकी कोणती येईल, हे आठवडाभर आधी कळले तरी मोठी गोष्ट. धाकटे दीर पुण्याला आणि नणंद अमरावतीला असते. माझे माहेर काटोल तालुक्यातले असल्याने तिकडे सोयाबीनची सोंगणी, कापसाची पहिली वेचणी आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी हे सगळे दसरा-दिवाळीच्या मागेपुढेच चालते. अशा घरात सण सांभाळले जातात, कारण त्यांना सगळे गाव सांभाळत असते. वाढदिवस मात्र घरच्यांनी आठवण ठेवली तरच होतो, आणि आम्ही एकदा ती नीट ठेवली नाही.

ते वर्ष 2016 चे. त्या वर्षी घटस्थापना 1 ऑक्टोबरला होती आणि लेकीचा दहावा वाढदिवस दुसऱ्या माळेला आला होता. सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपवास, घरात अखंड दिवा, यजमानांची रात्रपाळी आणि माझ्या टेबलावर दोनशे उत्तरपत्रिका. मी तिला म्हणाले, "दसऱ्याला सगळे येणारच आहेत, तेव्हाच थाटात करू." तिने मान हलवली. 11 ऑक्टोबरला दसरा झाला. आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी दार लावले जात नाही. वस्तीतली मुले सोने द्यायला येतात, पाया पडतात, हातावर साखरफुटाणे किंवा संत्रा बर्फीचा तुकडा घेऊन पुढच्या घरी जातात, आणि मोठी माणसे बसली की चहा दोनदा होतो. मुलांपैकी अर्धी कस्तुरचंद पार्कचे रावणदहन पाहून येतात, म्हणजे गर्दी संपते न संपते तोच दुसरी येते. केकची पेटी उघडायला रात्रीचे दहा वाजले. ती उघडली तेव्हा आत पांढऱ्या सायीवर लाल अक्षरांत "शुभ दसरा" असे लिहिलेले होते. दुकानदाराची काहीच चूक नव्हती. मी घाईत फोनवर "दसऱ्यासाठी केक हवा" एवढेच सांगितले होते आणि नाव सांगायचे राहून गेले होते.

लेकीने ती अक्षरे सावकाश वाचली. रडली नाही, रुसली नाही, सगळ्यांना स्वतःच्या हाताने एकेक तुकडा दिला. रात्री ती आजीजवळ झोपायला गेली, आणि मी पलीकडच्या खोलीत भांडी पुसत असताना मला तिचा आवाज ऐकू आला.

"आजी, माझा वाढदिवस कधी असते?"

"असते म्हंजे? झाला नं आज."

"आज तर दसरा होता."

बराच वेळ त्या खोलीतून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला आणि यजमानांना समोर बसवले. त्यांचा स्वतःचा जन्म 1950 च्या कोजागिरीचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जुलै लिहिला, तोच त्यांच्या सगळ्या कागदांवर आहे, आणि त्या दिवशी त्यांना शुभेच्छा फक्त बँकेच्या संदेशातून येतात. त्या म्हणाल्या, "माझ्या वाट्याला तारीख नाही आली, पण पौर्णिमा तरी आली. चंद्र दिसला की लोकांना माझी आठवण होते. त्या लेकराला आपण काय दिलं? यापुढे ज्याचा दिवस त्याच दिवशी ओवाळायचं. घट असो, नाहीतर पानं वाढायची असोत."

त्या दिवसापासून घरात नियम झाला. वाढदिवसाच्या तारखेला, अंघोळ झाल्याबरोबर, देवपूजेच्याही आधी औक्षण. पाट, भोवती चार बोटांची रांगोळी, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सासूबाईंची अंगठी. सगळे मिळून दहा मिनिटे. केक, पाहुणे, भेटी हे सोयीने केव्हाही होवो, त्याला हरकत नाही. पण ती दहा मिनिटे दुसऱ्या कोणत्याही कार्यात मिसळायची नाहीत.

नियम सोपा वाटतो, पण तो पाळताना पंचांग दरवर्षी परीक्षा घेते. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान. त्यामुळे सण दरवर्षी तितके अलीकडे सरकतात आणि 32-33 महिन्यांनी अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. 2 ऑक्टोबर ही तारीख मात्र जागची हलत नाही, म्हणून तिच्यावरून कधी नवरात्र जाते, कधी पितृपक्ष. 2018, 2021 आणि 2023 मध्ये लेकीचा वाढदिवस पितृपक्षात आला. 2020 मध्ये अधिक आश्विन होता, म्हणजे सर्वपित्री अमावास्या होऊन गेलेली आणि घटस्थापना मात्र 17 ऑक्टोबरला. त्या टाळेबंदीच्या वर्षी घरात आम्ही चौघेच होतो, आणि ते औक्षण मला सगळ्यांत जास्त आठवते.

2024 मध्ये तर 2 ऑक्टोबरला साक्षात सर्वपित्री अमावास्या होती. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंचा आदल्या रात्री फोन आला, की आजच्या दिवशी असले काही करत नसतात. सासूबाईंनी त्यांना शांतपणे सांगितले, "औक्षण म्हणजे आयुष्य मागणं. आपल्या नातवंडांसाठी कोणी आयुष्य मागितलं तर पितरांना वाईट वाटेल का?" आणि सकाळी साडेपाचला उठून आधी नातीला ओवाळले, मग सोवळ्याने खीर आणि वडे करायला घेतले. रूढी मोडणे त्यांच्या स्वभावात नाही, हे मी गेल्या वीसेक वर्षांत पाहिले आहे. म्हणूनच त्या सकाळचे मोल मला फार वाटते.

19 सौर वर्षे आणि 235 चांद्र महिने जवळजवळ सारखे भरतात, आणि या काळात सात अधिक महिने येऊन हिशेब जुळतो. त्यामुळे माणसाची जन्मतिथी आणि जन्मतारीख 19 व्या वाढदिवसाला पुन्हा एकत्र येतात, क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. हे गणित लेकीनेच आम्हाला समजावले. सासूबाईंना गणितापेक्षा त्यातला आनंद आधी कळला आणि त्यांनी लगेच दुसरे निरांजन घासायला काढले.

नागपूरकरांना ही दुहेरी मोजणी परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी येथे धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. म्हणून दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या तिथीलाही माणसे येतात आणि 14 ऑक्टोबर या तारखेलाही येतात. 2006 च्या दसऱ्याला त्या घटनेला 50 वर्षे होत होती. पहाटे मला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही त्रिमूर्तीनगरहून ऑटोने धंतोलीतल्या दवाखान्यात निघालो होतो आणि बजाजनगरच्या पुढे रस्ता पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरून गेला होता. डोक्यावर गाठोडी, कडेवर मुले, हातात निळे झेंडे, आणि रात्रभर चालून आलेल्या बाया रस्त्याच्या कडेला टेकलेल्या. यजमानांनी खाली उतरून एका स्वयंसेवकाला सांगितले. त्याने शिट्टी वाजवली, आणखी चार-पाच जणांनी हाताला हात धरले आणि त्या गर्दीतून आमच्या ऑटोपुरती वाट निघाली. एक म्हातारी ऑटोत डोकावून "सुखरूप सूट बाई" म्हणाली. तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, आवाज मात्र आठवतो. तेव्हापासून आम्ही दरवर्षी माझ्या सहकारी मैत्रिणीच्या भोजनदानाच्या मंडपात पुरीभाजीसाठी कणीक आणि तेल देतो, आणि मुलीला कळायला लागल्यापासून ती तिथे वाढायला जाते. यंदा रेशीमबागेत संघाच्या शताब्दीचा दसरा होता आणि दीक्षाभूमीवर नेहमीची गर्दी, त्यामुळे शहरातले बरेच रस्ते वळवलेले होते. लेक औक्षण झाल्यावर सायकलनेच मंडपात गेली आणि दुपारी तीनला परतली.

चारच दिवसांनी, 6 ऑक्टोबरला, कोजागिरी. सासूबाईंना 75 वर्षे पूर्ण झाली. दीर-जाऊ आणि पुतण्या आदल्या दिवशी पुण्याहून नव्या वंदे भारतने अजनीला उतरले. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडते, म्हणून त्यांचे तिकीट काढण्यासाठी लेकीने मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवली होती. नणंद आणि नंदोई अमरावतीहून आले. माझा भाऊ तेवढा येऊ शकला नाही. सप्टेंबरच्या पावसाने त्याचे सोयाबीन बरेच खराब झाले होते आणि जे हाती लागेल ते उघडीप मिळताच सोंगून घ्यायचे होते. तो फोनवर "आजीबाईंना माझा नमस्कार सांग" एवढेच म्हणाला.

औक्षणासाठी 75 दिवे करायचे होते. हळद घातलेली कणीक घट्ट भिजवून जाऊ आणि मी दुपारी बसलो. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्याने मध्ये दाबायचा, कडेला चिमटीने वातीसाठी चोच काढायची. पहिले दहा-बारा वाकडे झाले, मग हात बसला. पुतण्या मोजत होता आणि 40 नंतर दोनदा चुकला. दिवे चाळणीत वाफवून तीन पराती भरल्या. गच्चीवर पाच लिटर दूध आटत होते. त्यात साखर, केशर, वेलची, जायफळ आणि चारोळी घातली आणि पातेले उघड्यावर ठेवले. खाली अंगणात ज्वारीच्या धांड्यांच्या माडीत भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, बसलेले होते आणि शेजारच्या मुली खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय असेल ते ओळखत होत्या. त्या दिवशी डब्यात पुडाच्या वडीचे तुकडे आहेत, हे कोणालाच ओळखता आले नाही.

वाऱ्याने दिवे विझत होते. एका बाजूचे लावले की दुसऱ्या बाजूचे जात. शेवटी नंदोई आणि दीर चादर धरून उभे राहिले आणि तिच्या आडोशाने सगळ्या ज्योती एकदम पेटल्या. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, अंगावर त्यांच्या लग्नातले जुने हिरवे लुगडे. त्यांना ओवाळून झाल्यावर त्यांनी तबक माझ्या हातून घेतले आणि यजमानांना पाटावर बसवले, कारण कोजागिरीला घरातल्या ज्येष्ठ अपत्याची आश्विनी, म्हणजे औक्षण, करायची असते. पन्नाशीच्या पुढे गेलेला तो माणूस आईसमोर हात जोडून बसला. त्यानंतर मी लेकीला ओवाळले, कारण माझी ज्येष्ठ तीच. एकाच पाटावर एका रात्रीत तीन पिढ्या बसून उठल्या. लेकीने मध्येच हिशेब सांगितला, की 75 वर्षांत आजीच्या आयुष्यात साधारण 928 पौर्णिमा झाल्या आणि सहस्रचंद्रदर्शनाला आणखी सहा वर्षेही लागणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा दिवे तू करजो. या दोघींचे हात दुखून राहिले."

पुतण्याचा वाढदिवस धनत्रयोदशीला आला. तो तोपर्यंत पुण्याला परतला होता, म्हणून जावेने सकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल लावला आणि सासूबाईंनी इथून फोनसमोर निरांजन फिरवले. 23 तारखेला भाऊबिजेला मी काटोलकडे गेले. भावाने मला ओवाळणीत नेहमीसारखे पाकीट दिले. ते मी घेतले, कारण नाही म्हटले असते तर त्याला अधिक लागले असते. निघताना त्याने संत्र्यांचे एक क्रेट गाडीत ठेवले. 27 तारखेला यजमानांचा वाढदिवस घरात आम्हा चौघांतच झाला. दिवाळीच्या गोडाने कंटाळलेल्या त्या माणसाने पिठले, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागितला.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळे सण पुढे सरकणार आहेत आणि 2 ऑक्टोबर 2026 पुन्हा पितृपक्षात येणार आहे. नवी दिनदर्शिका भिंतीवर लावताना लेकीने ते सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, तारखेवर बोट ठेवले आणि विचारले, "शुक्रवार आहे नं? गांधी जयंतीची सुट्टी असेल, तरी सहालाच ओवाळू." मग लेकीच्या हातून पेन घेऊन त्यांनी त्या चौकटीत स्वतःच्या अक्षरांत तिचे नाव लिहिले.