दोराचे बाहेरचे टोक

इंग्लंडमधल्या डर्बीला येऊन मला आता तिसरे वर्ष लागले आहे. पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची कामे घेणाऱ्या एका कंपनीत मी प्रोसेस इंजिनिअर आहे. दिवसाचा बहुतेक वेळ आराखड्यांवर जात असला, तरी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पंपिंग स्टेशनच्या खोल चेंबरमध्ये उतरण्याची वेळ येऊ शकते. म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला बंदिस्त जागेतील कामाच्या सुरक्षा-प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. ते दोन दिवसांचे होते आणि पहिल्या प्रयत्नात मी त्यात नापास झाले.

ब्रिटनमध्ये या कामासाठी १९९७ सालची स्वतंत्र नियमावली आहे. तिच्या भाषेत बंदिस्त जागा म्हणजे केवळ अरुंद जागा नव्हे. टाकी, सायलो म्हणजे धान्याची उंच कोठी, गटार, विहीर, इतकेच काय वरून उघडा असलेला खड्डासुद्धा त्यात येऊ शकतो; विषारी वायू, ऑक्सिजनची कमतरता, आग, अतिउष्णता, अचानक चढणारे पाणी किंवा अंगावर कोसळणारे धान्य यांपैकी एखादा धोका तिथल्या बंदिस्तपणामुळे संभवतो का, एवढेच पाहायचे. आणि नियमावलीची सुरुवात आत कसे उतरावे इथून होत नाही, तर उतरायचेच कशाला इथून होते. बाहेरून कॅमेरा सोडून किंवा पाण्याचा झोत मारून काम होत असेल, तर माणूस आत जाता कामा नये. जावेच लागले, तर त्याला बाहेर काढण्याची व्यवस्था तो उतरण्यापूर्वी तयार हवी, आणि ‘अग्निशामक दलाला फोन करू’ ही व्यवस्था धरली जात नाही.

पहिला दिवस हवेचा होता. आमचा प्रशिक्षक निवृत्त अग्निशामक जवान होता आणि त्याने सगळी सकाळ गॅस डिटेक्टर या हाताच्या पंजाएवढ्या यंत्रावर घालवली. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की यंत्र ओरडू लागते. मोजमाप वर, मध्ये आणि तळाशी असे तीन ठिकाणी घ्यायचे, कारण मिथेन हलका असल्याने वर साठतो आणि हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने तळाला बसतो. या दुसऱ्या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो हे आपण शाळेत शिकतो. पण साधारण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, पुढे तो घ्राणशक्तीच बधिर करतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. वास नाहीसा झाला म्हणून निर्धास्त व्हावे, तर धोका तेव्हाच वाढलेला असतो. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या हवेत तर माणूस एक-दोन श्वासांत शुद्ध हरपतो, आणि त्याला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, कारण ती जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे.

मला सर्वांत जास्त चटका लावून गेले ते कार्सिंग्टन. डर्बीहून गाडीने फार तर अर्ध्या तासावर हा जलाशय आहे. रविवारी तिथे लोक सायकली घेऊन जातात, मीही जाते. या धरणाचे काम चालू असताना १९८३ मध्ये तपासणीच्या एका चेंबरमध्ये चार तरुण कामगार गुदमरून मेले. तिथे सांडपाणी नव्हते आणि रसायनांची टाकीही नव्हती. भरावातल्या शेल या थराथरांच्या खडकात तयार झालेल्या आम्लाची निचऱ्यासाठी घातलेल्या चुनखडीशी अभिक्रिया झाली होती आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड खाली साचला होता. वायू आणला तो दगडाने.

हे ऐकताना मला आमचे हरिपूर आठवले. सांगलीजवळच्या या गावात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे असत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि आत ऐसपैस पोट. हवा नसल्यामुळे हळदीला कीड लागत नसे, आणि नेमक्या त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. ते बराच वेळ उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर थांबायचे. ‘पेव फुटले’ असे आपण दिवसातून दहादा म्हणतो, पण पेवाच्या तोंडाशी थांबण्याची ही रीत मात्र भाषेत उतरली नाही. अर्थात कंदिलाला विषारी वायू कळत नाही, आणि मिथेनमध्ये तर तोच स्फोट घडवील.

आता माझ्या नापास होण्याविषयी. दुसऱ्या दिवशी काँक्रीटच्या कड्यांनी बांधलेल्या सरावाच्या चेंबरवर मला ‘टॉप मॅन’ नेमले होते; म्हणजे तोंडाशी उभे राहून आत उतरलेल्याशी बोलत राहायचे आणि जागा सोडायची नाही. माझा वेल्सचा सहकारी हार्नेस घालून उतरला. त्याचा दोर ट्रायपॉडवरून माझ्या शेजारच्या विंचला, म्हणजे हाताने फिरवायच्या रहाटाला, जोडलेला होता. ठरल्याप्रमाणे तो मध्येच बोलायचा थांबला. मी दोनदा हाक मारली, वाकून पाहिले, आणि काही कळायच्या आत माझा एक पाय शिडीवर होता. प्रशिक्षकाने शिट्टी वाजवली, हातातल्या तक्त्यावर माझ्या नावापुढे ‘मृत’ लिहिले आणि घड्याळात पाहून वेळही लिहिली. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते, की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण हे वाचवायला गेलेले असतात. हा आकडा आदल्या दिवशी मी वहीत उतरवून घेतला होता.

आपल्याकडे नियम नाहीत असे म्हणून मला सुटता येत नाही. भारतात तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३६ वे कलम मी त्या रात्री पुन्हा वाचले. सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर आधारलेले लेखी प्रमाणपत्र असावे, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनसाधन लावावे आणि त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात मी नोकरी केली, तिथे टाकीत उतरण्याचे परमिट चहाच्या कपाशेजारी सही होऊन जात असे. त्यांतल्या काही सह्या माझ्या आहेत, आणि तेव्हा मी टाकीपर्यंत चालत गेले नव्हते.

तीन आठवड्यांनी मी परत परीक्षा दिली. सहकारी गप्प झाल्यावर मी रेडिओवर इशारा दिला आणि विंचचे हँडल धरले. फिरवताना माणूस दिसत नाही, फक्त ताणलेला दोर वर येत राहतो, आणि काहीच करत नसल्यासारखे वाटते. बऱ्याच वेळाने चेंबरच्या काठाशी पिवळे हेल्मेट दिसले.