‘काल काय जेवलासा?’

आजीचा पाय शुगरमुळं चिघळला तेव्हा मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. बेळगावच्या एका दवाखान्यातून तिला घरी सोडताना हातात एक छापील कागद दिला. कागद इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून मीच तो वाचून दाखवला. सकाळी ओट्स, मग ब्राऊन ब्रेड, दुपारी दोन फुलके, रात्री सूप. आमचं घर खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला. शेतात भात पिकतो आणि घरात भातच शिजतो; सकाळी नाचण्याची आंबील असते. आजीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ह्यात भात कुठं आहे?” भात नव्हता. तिनं कागद देवाच्या फोटोमागं ठेवला आणि पहिल्यासारखीच जेवू लागली. वर्षभरात तिच्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

त्या कागदाखाली सही होती आणि सहीखाली ‘डाएटिशियन’ असा शिक्का. अशी काही नोकरी असते हे मला त्या दिवशी कळलं.

मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी झालेल्या आमच्याकडच्या मुलींना पीयूसी सायन्सनंतर दोनच वाटा दाखवल्या जातात, नर्सिंग नाहीतर डी. फार्म. मी धारवाडला कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान महाविद्यालयात गेले. वडिलांना वाटलं, पोरगी स्वयंपाक शिकायला निघाली. पहिल्या सहा महिन्यांत जीवरसायन आणि शरीरक्रियाशास्त्रानं मला रडवलं, पण धारवाडानं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट पुस्तकात नव्हती. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीतल्या दोघी विजापूर भागातल्या. त्यांच्याकडून मी कन्नड शिकले. बाजारापुरतं नव्हे, तर एखाद्या म्हातारीला तिच्या घरातल्या तेलाचा डबा किती दिवस पुरतो हे विचारण्याइतकं. आज माझ्याकडं येणाऱ्या दहा माणसांतली चार-पाच कन्नड बोलतात. सीमाभागात हे काम एका भाषेत होत नाही.

पुढं पुण्यात एमएस्सी केली आणि तिथंच एका मोठ्या रुग्णालयात इंटर्नशिप. मग आरडीची, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची तयारी. ही नोंदणी इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या मंडळाकडून होते. संस्था 1963 सालची. संस्थेचं सदस्यत्व, पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातल्या इंटर्नशिपचा दाखला आणि परीक्षा, असा तो रस्ता आहे. बेळगावात आरडी नसतानाही नोकरी मिळते, म्हणून मैत्रिणी म्हणायच्या, कशाला एवढा खटाटोप? मला तो हवा होता. एमएस्सीत विषय सुटे सुटे शिकले होते. या परीक्षेसाठी सूक्ष्मजीवशास्त्रापासून रुग्णालयाच्या स्वयंपाकघरापर्यंत सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागलं. मूत्रपिंडाच्या पेशंटला प्रोटीन किती, हे पाठ होतं. पण डायलिसिस सुरू होण्याआधी ते कमी ठेवायचं आणि सुरू झाल्यावर वजनाच्या दर किलोमागं रोज एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास वाढवायचं, हे उलटं का, ते मला या अभ्यासातच खरं समजलं. डायलिसिसमध्ये प्रोटीनचे घटक पाण्याबरोबर वाहून जातात. घरची माणसं मात्र जुनंच पथ्य चालू ठेवतात, आणि पेशंट हळूहळू झिजतो.

2021 साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा केंद्रीय कायदा आला आणि त्यात डाएटिशियन व न्यूट्रिशनिस्ट यांना त्यांची स्वतंत्र जागा मिळाली. क्लिनिकल, फूड सर्व्हिस, सार्वजनिक आरोग्य, खेळ, असे प्रकार त्यात नावानिशी आहेत. हे वाचून मला फार बरं वाटलं. आम्ही वजन कमी करून देणाऱ्या बायका नाही, हे आता कायद्यातच लिहिलेलं आहे.

पहिली नोकरी बेळगावातल्या एका खासगी रुग्णालयात लागली, महिना सोळा हजारांवर. वॉर्डात जायला मिळेल असं वाटलं होतं, पण पहिले आठ महिने स्वयंपाकघरात गेले. तेव्हा मनाला लागलं. आता मी त्या आठ महिन्यांची किंमत जाणते. पहाटे साडेपाचला आचारी भट्टी पेटवायचा. सात वाजता पहिली ट्रॉली निघायची: पातळ आहार, मऊ आहार, बिनमिठाचा, शुगरचा. स्लिप चुकली की बिनमिठाचं ताट दुसऱ्याच खाटेवर जायचं. गरम जेवण 60 अंशांच्या खाली येऊ द्यायचं नाही, म्हणून मी थर्मामीटर घेऊन ट्रॉलीमागं फिरायची. आमचे आचारी मामा वीस वर्षांचे अनुभवी. त्यांना मी सुरुवातीला ग्रॅममध्ये सांगायची. ते एकदा शांतपणे म्हणाले, “मॅडम, मला पळीत सांगा.” त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक पळी, वाटी आणि डाव वजनकाट्यावर मोजला. पुढं तीच सवय मी गावोगाव नेली. आमच्याकडच्या जाड भाकरीला सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ लागतं. अथणीकडच्या पातळ कडक भाकरीला त्याच्या निम्मं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 330 कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रोटीन, हे अन्नघटकांच्या तक्त्यात मिळतं. पण ‘दोन भाकऱ्या’ म्हणजे किती, हे कुठल्याच तक्त्यात नाही.

नंतर डायलिसिस विभाग मिळाला आणि या कामात मी खरी रुजले ती तिथं. आठवड्यातून दोन-तीनदा तीच माणसं चार-चार तास खाटेवर असतात. डॉक्टर पाच मिनिटं येतात, माझ्याकडं मात्र वेळ असतो. ‘पथ्याच्या मॅडम’ हे नावही मला तिथंच मिळालं.

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावचे एक काका होते, पन्नाशीतले शेतकरी. सगळं पथ्य पाळायचे. भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकायचे, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. नारळपाणी बंद, फळ मोजून. एका ऑक्टोबरात त्यांचं पोटॅशियम 6.4 आलं. पाचच्या वर गेलं की काळजी आणि साडेसहाच्या पुढं हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, काय खातात हे? मी नेहमीसारखं विचारलं, “काका, काल काय जेवलासा?” “काही न्हाई ओ मॅडम. काल उपासच होता की.”

मी तिथंच थांबायला हवं होतं आणि उपास म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. ते मला संध्याकाळी सुचलं, तेही त्यांच्या मालकिणीशी बोलताना. नवरात्राचे नऊ दिवस घरात उपास. शेतात रताळी. आमच्या भागातली रताळी दसऱ्याच्या सुमारासच निघतात. बेळगावच्या मार्केटात पोत्यांच्या थप्प्या लागतात. काका दोन्ही वेळा उकडलेली रताळी, शेंगदाणे आणि केळं खात होते. पोटॅशियमनं भरलेले हे तिन्ही पदार्थ माझ्या ‘टाळा’ यादीत होते. पण यादी त्यांच्या मनात ‘जेवणा’ची होती आणि उपासाचं खाणं हे जेवण नव्हे. भरीला कुणीतरी त्यांना ‘लो सोडियम’ मीठ चांगलं म्हणून आणून दिलं होतं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं. मूत्रपिंडाच्या पेशंटला ते विष आहे, आणि मी मिठाचं प्रमाण विचारलं होतं, पुडा बघितला नव्हता.

काका वाचले. मी त्या आठवड्यात माझा विचारण्याचा कागदच बदलला. काल काय जेवलासा, एवढ्यावर भागत नाही. उपास कधी धरता? वारी, जत्रा, बारसं, गावदेवीची म्हाई यांत काय होतं? शेतात सध्या काय निघालंय? मीठ कुठलं, पुडा घेऊन या. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आधी काका स्वतःहून आले. वरईचा भात, साबुदाणा कमी आणि दाण्यांशिवाय, काकडी, ठरलेलं ताक, असे नऊ दिवस आम्ही दोघांनी बसून लिहून काढले. दसऱ्यानंतर पोटॅशियम 5.1 आलं. रताळी ते अजून लावतात, पण सगळी मार्केटला पाठवतात.

नंतर काही काळ मी कुपोषित मुलांच्या पुनर्वसन केंद्रात काम केलं. तिथं दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असलेली बाळं येतात. पहिल्या दिवसांत बाळाला भरपूर खाऊ घालावं असं आईला वाटतं आणि नेमकं तेच घातक असतं. आधी एफ-75, म्हणजे शंभर मिलीत 75 कॅलरीचं पातळ दूध, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. भूक परतली, सूज उतरली, की मग एफ-100. ऊसतोडीच्या टोळीतली एक आई बीडकडची होती. बाळ अकरा महिन्यांचं, दंड 10.8. रात्री दोनच्या पाजण्याला ती उठून बसायची, कधी चुकवलं नाही. चौदाव्या दिवशी बाळानं माझ्या हातातला चमचा ओढला. घरी जाताना शेंगदाण्याचं कूट, गूळ, अंडं, तेल घातलेली मऊ खिचडी, हे सगळं तिला करून दाखवलं. पुढच्या तपासणीला ती आली नाही. टोळी दुसऱ्या कारखान्याकडं गेली होती. ते बाळ मला अजून आठवतं. रुग्णालयात चांगलं काम केलं तरी माणूस जातो तो त्याच्या परिस्थितीतच. म्हणून अंगणवाडी आणि पंचायत यांच्यात काम करणाऱ्या आहारतज्ज्ञांची संख्या वाढली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. कर्नाटकात 2017 पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि बाळंतिणींना अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. पण आमच्याकडं बाळंतिणीला डाळ ‘जड’ म्हणून फक्त भात आणि मिऱ्याचं सार देणाऱ्या सासवा आहेत. त्यांच्याशी ओसरीवर बसून बोलणारं कुणीतरी लागतं.

सरकारी जागा कमी निघतात. कर्नाटकात कन्नड पेपरची तयारी लागते, आणि मी प्रत्येकीला सांगते, कन्नडाला घाबरू नका, पेशंटसाठी तरी शिका. महाराष्ट्राच्या भरतीत 865 सीमागावांतल्या उमेदवारांना पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. तो दाखला वेळेवर काढून ठेवावा. खासगीत मधल्या काळात मी एका ठिकाणी महिनाभर होते, तिथं प्रत्येक चार्टाबरोबर पावडरचा डबा खपवायचा असायचा. मी सोडलं. डाळ, अंडं, दूध यांनी भागणाऱ्या माणसाला दोन हजारांचा डबा देणं माझ्या हातून होणार नव्हतं. तालमीतल्या पोरांचं काम मात्र आनंदाचं. कुस्तीआधी पाणी तोडून वजन उतरवणारी पोरं समजावल्यावर ऐकतात. त्यांना उद्या मैदानात उतरायचं असतं.

आता मी आठवड्यातले चार दिवस रुग्णालयात असते आणि दोन दिवस खानापूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. माझ्या टेबलावर तीन ताटांची चित्रं आहेत, भाताचं, भाकरीचं, चपातीचं, मागं मराठी आणि कन्नड. आधी ताट ठरतं, मग लिहिणं. शुगरच्या माणसाला भात पूर्ण बंद असं मी एकदाही लिहिलेलं नाही. वाटी ठरवते, सोबत मोडाची उसळ आणि पालेभाजी वाढवते, उकडा तांदूळ असेल तर बरंच.

गेल्या आठवड्यात आमच्याच तालुक्यातल्या एका मुलीचा फोन आला. एमएस्सी झाली आहे, तीन ठिकाणांहून बोलावणं आहे, कुठं जाऊ? मी तिला म्हटलं, पगाराच्या आधी विचार, की डॉक्टरांच्या फेरीत डाएटिशियन असते का, केसपेपरवर तिला लिहिता येतं का, आणि स्वयंपाकघर कुणाच्या हाताखाली आहे. या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथं तू चार्ट छापत बसशील. ती म्हणाली, ताई, मला एकदा बघू तरी द्या. सोमवारी ती माझ्याबरोबर येणार आहे. पावणेसातला, ट्रॉली निघायच्या आधी.