कुरडयांच्या डब्यातला कागद

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आपल्या लोकांची वस्ती इतकी दाट आहे, की मार खाणाऱ्या बाईला बोलायचीच धास्ती वाटते. जिला सांगावं ती नवऱ्याच्या ओळखीतली निघते. मंडळातले वडीलधारे "मिटवून टाका" म्हणतात. ते ऐकून मला आजही संताप येतो, कारण मिटवायचं म्हणजे तिनेच गप्प बसायचं.

मी इथे घरगुती हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसोबत काम करते. हे त्यांच्यातल्या एकीच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सांगलीकडची, एमसीए झालेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आलेली. नवऱ्याने कानशिलात मारली तेव्हा शेजारणीने पोलीस बोलावले आणि त्याच रात्री तात्पुरता संरक्षण आदेश मिळाला. नवऱ्याला घरी यायची बंदी झाली, पण सासू-सासरे तिथेच होते, म्हणून ती आमच्या शेल्टरमध्ये आली. त्या दिवशी पोलीस सोबत घेऊन आम्ही तिचं सामान आणायला गेलो.

सासूबाई दारातच म्हणाल्या, "घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. त्याची नोकरी गेली तर तुलाही इथून जावं लागेल, कळतंय ना?"

दुर्दैवाने त्यात तथ्य होतं. एच-४ नवऱ्याच्या एच-१बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, बांधलेला असतो. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता, तर स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे तिला ग्रीन कार्डसाठी त्याच्याशिवाय अर्ज करता आला असता. तिला ती वाट बंद. गुन्ह्याच्या तपासाला मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, पण वर्षाला फक्त १०,०००, आणि रांग कित्येक वर्षांची. लवकर हाताशी येण्यासारखी एकच गोष्ट होती, छळ झालेल्या एच-४ पत्नीला स्वतःच्या नावावर मिळणारा वर्क परमिट. त्याला लग्नाचा पुरावा लागतो.

पासपोर्ट कुठेच सापडला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला काय माहीत." पोलिसाला मी त्याच्या अहवालात तशी नोंद घ्यायला लावली. नवीन पासपोर्ट काढताना ती कामी येते. तेवढ्यात ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालून स्टीलचा डबा काढला. वरच्या कुरडया तिने अलगद ताटात काढल्या. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत विवाह नोंदणीचा दाखला आणि एमसीएच्या मार्कशीट्स होत्या.

"ह्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, ताई."

गाडीत बसल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मारणं कधीतरीच व्हायचं. रात्रीचं रोजचं होतं. नको म्हटलं तरी. पण ते कोर्टात कसं सांगायचं? नवराच आहे ना."

एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावली. तिला सांगितलं की इथल्या दंडसंहितेत १९७९ पासून लग्नाची सबब चालत नाही; बायकोवर केलेली जबरदस्तीही गुन्हाच. तिला ते खरं वाटेना, आणि वाटणार तरी कसं? भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, पण बलात्काराच्या कलमातून नवऱ्याला अजूनही सूट आहे. शेवटची घटना पाच दिवसांच्या आतली होती, म्हणून वैद्यकीय तपासणीचंही सांगितलं. ती मोफत होते, पोलीस तक्रार करावीच लागत नाही. ती नको म्हणाली. मी तो विषय पुन्हा काढला नाही. शरीर तिचं, निर्णयही तिचाच.

पण संरक्षण आदेशाच्या अर्जाचं थांबून चालणार नव्हतं. त्यात फक्त कानशिलात मारल्याचं लिहिलेलं. अंतिम सुनावणी साधारण दहा दिवसांत लागते, आणि अर्जात नसलेलं काही बोललं की समोरचा वकील हरकत घेतो. आम्ही तशाच न्यू ब्रन्सविकच्या फॅमिली कोर्टात गेलो. दुभाषी फोनवर होती, ओळखीपाळखीच्या बाहेरची, आणि तेच बरं झालं. ती सांगत गेली, कर्मचारी बाई टाइप करत गेल्या. मध्येच थांबून तिने मला विचारलं, "हे त्याला वाचायला मिळणार?"

"हो, मिळणार."

तिने दुपट्टा सारखा केला. "मिळू दे." आणि पुढचं सांगायला लागली.

सुनावणीत अंतिम आदेश मिळाला. न्यू जर्सीत तो मुदत संपून रद्द होत नाही, कोर्टाने उठवेपर्यंत लागू राहतो. वर्क परमिटचा अर्ज दाखल्याची प्रत जोडून पाठवला आहे. उत्तर अजून यायचं आहे.