तुम्ही विचारलंत म्हणून: सीझर नाही, फेबियसच का?

रोमन सेनापतींचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, ‘सीझर, सिपिओ सोडून तुम्हाला हा लढाई टाळणारा फेबियस कसा काय आवडतो?’

इ.स.पू. 217. इटलीतल्या ट्रासिमेन सरोवराकाठच्या धुक्यात दबा धरून बसलेल्या हॅनिबलने, म्हणजे रोमवर चालून आलेल्या कार्थेजच्या सेनापतीने, रोमन सैन्य कापून काढलं. पंधराएक हजार माणसं मेली, रोमचा कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) फ्लॅमिनियसही पडला. हादरलेल्या रोमने सूत्रं क्विंटस फेबियस मॅक्सिमसच्या हाती दिली. मैदानात हॅनिबलपुढे आपला टिकाव लागणार नाही, हे त्याने ओळखलं. पण परमुलखातल्या त्या फौजेला रोज दाणावैरण लागणारच. मग हा डोंगरकडेने तिच्या मागावर राहिला, वैरणीला पांगलेल्या तुकड्या टिपत राहिला. आपल्याला इथे गनिमी कावा आठवतो; पण त्यातली झडप इथे फारशी नाही, सगळा भर थांबण्यावर.

लोक चिडले. मुलांना शाळेत पोचवणाऱ्या गुलामासारखा हा हॅनिबलच्या मागे चालतो, म्हणाले. त्यात एका रात्री कोंडीत सापडलेल्या हॅनिबलने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना पेटती काटकं बांधून ते डोंगरावर पिटाळले आणि त्या गोंधळात फौज बाहेर काढली. पुढे त्याने आजूबाजूचं सगळं जाळून फेबियसचं शेत तेवढं मुद्दाम शाबूत ठेवलं. संशय यायचा तो आलाच. सिनेट कैद्यांच्या सुटकेचे पैसे देईना, तेव्हा फेबियसने तेच शेत विकून आपली माणसं सोडवली. मी त्याच्या प्रेमात पडलो तो इथे.

त्याला भित्रा म्हणणारा त्याचा दुय्यम अधिकारी मिनुसियस स्वतःच हॅनिबलच्या सापळ्यात अडकला. फेबियस लगोलग धावून गेला. सुटका झाल्यावर मिनुसियसने सगळ्या सैन्यादेखत त्याला ‘बाबा’ म्हणून हाक मारली.

मुदत संपून तो पायउतार झाला आणि पुढच्याच वर्षी, 216 मध्ये, कॅनीच्या मैदानात हॅनिबलशी लढताना जवळपास पन्नास हजार रोमन एका दिवसात गेले. त्यानंतर रोम मुकाट्याने फेबियसच्याच वाटेने चाललं.

पण त्याची दुसरी बाजू मी झाकणार नाही. 209 मध्ये त्याने हॅनिबलकडे गेलेलं दक्षिण इटलीतलं टॅरेंटम शहर परत घेतलं, तेव्हा तीस हजार माणसं गुलाम म्हणून विकली गेली, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. शेत विकून कैदी सोडवणारा तो हाच. हे वाचताना मला आजही त्रास होतो.