प्राग: लोकवर्गणीतून उभं राहिलेलं थिएटर

प्रागहून आले की सगळे आधी पूल आणि किल्ला याबद्दलच विचारतात. दोन्ही सुंदरच आहेत, चार्ल्स ब्रिजवर अगदी पहाटे गेलात तर पुतळे, नदी आणि आपण, एवढेच असतो. पण मला सांगायचंय ते तिथल्या नॅशनल थिएटरबद्दल, कारण ते बघून मी अक्षरशः भारावून गेले.

त्याआधी जुन्या चौकातलं थोडं सांगते. तिथे 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे, दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात आणि खाली सगळे मोबाईल वर करून उभे. त्याच टाऊन हॉलच्या कोपऱ्यावरून वळलं की जमिनीत पांढऱ्या दगडांचे 27 क्रॉस बसवलेत. मी नक्षी समजून त्यातल्या एकावर उभी होते, कळल्यावर पटकन बाजूला झाले. 1620 ला व्हाइट माउंटनच्या लढाईत इथले लोक ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध हरले आणि 21 जून 1621 ला बंडाच्या 27 पुढाऱ्यांना याच चौकात ठार मारलं.

मग हळूहळू सगळीकडे जर्मन भाषा आली, 1784 मध्ये तर हॅब्सबर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफनं तिला कारभाराची भाषाच करून टाकलं, आणि इथली चेक भाषा उरली खेड्यापाड्यांत, कष्टकऱ्यांच्या घरात. गावोगाव फिरणारे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ मात्र चेकमध्येच चालू राहिले (ही कला 2016 पासून युनेस्कोच्या यादीत आहे). दोब्रोव्स्कीसारख्या पंडितानं चेकचं मोठं व्याकरण लिहिलं तेही जर्मनमध्ये, 1809 ला! पुढे युंगमान या भाषापंडितानं पाच खंडांचा चेक-जर्मन शब्दकोश काढला तेव्हा कुठे लोकांना वाटायला लागलं की आपली भाषा मोठ्या कामाची आहे. त्याचा पुतळा बघायला मी मुद्दाम गेले, आसपास सगळी शॉपिंगची गर्दी, आणि हा मधे शांत बसलेला.

या लोकांना मग आपल्या भाषेचं थिएटर हवं होतं. घरोघर फिरून वर्गणी काढली, 1868 ला पायाभरणी झाली, त्यासाठी देशभरातल्या जागांहून दगड आणले. जून 1881 ला थिएटर उघडलं आणि ऑगस्टमध्ये छपरावर काम चालू असताना आग लागून जळालं. मला वाटतं दुसरं कोणी असतं तर तिथेच खचलं असतं, पण इथे 47 दिवसांत लोकांनी परत दहा लाख गुल्डन (तेव्हाचं चलन) जमवले आणि 18 नोव्हेंबर 1883 ला पडदा पुन्हा वर गेला.

त्या पडद्याबद्दल सांगायलाच हवं. ह्यनाइस या चित्रकारानं रंगवलाय आणि चित्र आहे ते वर्गणी गोळा होण्याचं, थिएटर बांधलं जाण्याचं. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी आपल्यासमोर त्या देणगीदारांचीच गोष्ट. आणि रंगमंचाच्या वर सोनेरी अक्षरात दोनच शब्द, ‘नारोद सोबे’, राष्ट्रानं स्वतःलाच दिलेलं. मी वरच्या बाल्कनीतल्या स्वस्तातल्या सीटवरून मान पुढे काढून ते कितीतरी वेळ वाचत होते. ड्वोर्झाक या चेक संगीतकाराचा ऑपेरा होता, शब्द कळत नव्हते, वर भाषांतराची पट्टी होती पण थोड्या वेळानं मी ती बघणंच सोडून दिलं. शेजारच्या आजी ओठातल्या ओठात गात होत्या, त्यांना पूर्ण पाठ होतं. इंटरव्हलला त्यांनी समजावलं की थिएटरला चेकमध्ये ‘दिवाद्लो’ म्हणतात आणि तो शब्द ‘बघणे’ यावरून आलाय, मी म्हटलं, अहो आजी, आमच्याकडे पण प्रेक्षागृहच!

बाहेर आले तर पाऊस, समोर व्ल्तावा नदी, पलीकडे किल्ल्यावर दिवे. 22 नंबरची ट्राम आली, दार बंद होता होता स्पीकरवर स्टॉपचं नाव ऐकू आलं, ‘नारोद्नी दिवाद्लो’, आणि या वेळी मला ते कळलं.